बराकाची अणुभट्टी बॉम्बसारखी फुटेल का?

अल बर्शात ऑगस्टमध्ये एसी बंद ठेवून बसून दाखवा, मग विजेची किंमत कळेल! अमिरातीच्या विजेचा साधारण चौथा हिस्सा आता अबू धाबीच्या पश्चिमेला, बराकाच्या चार अणुभट्ट्यांतून येतो. पहिली 2020 मध्ये ग्रिडला जोडली, चौथी 2024 मध्ये. आणि घरात विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "ती बॉम्बसारखी फुटली तर?"

नाही फुटणार. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असतं. बराकासारख्या भट्टीच्या इंधनात ते 5 टक्क्यांच्या आतच असतं. बॉम्बसाठी लागतं 90 टक्क्यांच्या आसपास.

दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटते. अणू फुटला की बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात, पण शंभरात एकाहूनही कमी असे काही सेकंदांनी उगवतात. भट्टी अशी चालवतात की या लेटलतीफांशिवाय साखळी टिकतच नाही. म्हणून तर नियंत्रक दांडे आत-बाहेर करायला वेळ मिळतो. बॉम्बचा सगळा खेळ सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या भागात आटोपतो.

मग चेर्नोबिल? 1986 मध्ये तिथे हाच लगाम सुटला, पण भट्टी फोडली ती वाफेच्या दाबाने; शहर बेचिराख करणारा अणुस्फोट नव्हता तो. फुकुशिमात 2011 मध्ये पेटला तो हायड्रोजन. भट्टी बंद केल्यावरही सुरुवातीला तिच्या उष्णतेचा 6-7 टक्के भाग निघतच राहतो. पाणी फिरायचं थांबलं की इंधन वितळतं, किरणोत्सर्ग बाहेर पडू शकतो. घाबरायचंच तर याला घाबरा.

दोघांचं नातंच नाही असं मात्र म्हणता येत नाही. 1974 च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम आपल्या मुंबईतल्या, ट्रॉम्बेच्या 'सायरस' या संशोधन भट्टीतून आलं होतं. त्याची झळ लागली तारापूरच्या वीजकेंद्राला: अमेरिकेतून येणारं इंधन पुढे थांबलं आणि फ्रान्सकडे जावं लागलं. युरेनियम 5 टक्क्यांवर नेणारी यंत्रं 90 वरही नेऊ शकतात, हीच खरी मेख. म्हणून अमिरातीने 2009 मध्ये अमेरिकेशी करार करताना लिहून दिलं, की युरेनियमचं समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया आपल्या भूमीवर करणार नाही. बराकाचं इंधन बाहेरूनच तयार होऊन येतं.