टोलनाक्यावरचा कॅमेरा कुठे वळतो

सलग सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या उर्से टोलनाक्यावर वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी हमखास दिसतात. पूर्वी थेट प्रक्षेपणाला ओबी व्हॅन लागायची. आता पाठीवरच्या लाइव्ह किटमधली सिमकार्डं चित्र सरळ स्टुडिओत पोचवतात.

त्यांचं काम जवळून पाहावं. कॅमेरामन आधी उंचवटा गाठतो. तिथून दूरवर झूम केलं की मागच्या-पुढच्या गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. रांग आहे त्याहून दाट भासते. मग बाईट. गाडीच्या खिडकीशी माइक जातो, प्रश्न ठरलेला: ‘किती वेळ अडकलात?’ चालक बरंच काही सांगतो. त्यातली काही सेकंदं लागतात आणि बहुधा रागाचीच निवडली जातात. संध्याकाळच्या चर्चेत तेवढाच राग उरतो.

नाक्याजवळच उर्से गाव आहे. कारखान्यांच्या पाळ्यांना जाणारे कामगार आणि महामार्गालगत शेती करणारे लोक इथे रोज ही वाहतूक सोसतात. कोंडीच्या बातमीत त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते गाडीत बसलेले नसतात.

याच द्रुतगती मार्गावर, बऊरजवळ, कॅमेऱ्याने एकदा मात्र इथल्या मावळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांची बाजू राज्यापुढे आणली होती. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक महिला होती. पोलीस गोळ्या झाडताना, गाड्यांच्या काचा फोडताना घराघरांत दिसले. घडलं ते नाकारणं अवघड झालं. सरकारला न्यायालयीन चौकशी नेमावी लागली आणि योजना पुढे वर्षानुवर्षं रखडली.

ती दृश्यं दाखवली गेली, हे फार मोठं काम होतं. पण नदीतलं पाणी कमी झालं तर काठच्या विहिरींचं आणि उपसा सिंचनाचं काय, ही शेतकऱ्यांची मूळ भीती गोळीबारासारखी काही क्षणांच्या चित्रात दाखवता येत नाही. तिच्यासाठी बांधावर जावं लागतं, ऐकत बसावं लागतं.

म्हणून उर्से नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीकडे एकच आग्रह धरावासा वाटतो. रांगेचं चित्रण झालं की गावात जा. रस्ता झाल्यावर जमिनीचं, पाण्याचं, रोजगाराचं काय झालं ते विचारा आणि ते उत्तर न कापता दाखवा. माणसं दुखण्यावर बोलायला लागण्यासाठी गोळी सुटण्याची वाट पाहायची गरज नाही.