देवमाशाच्या डोक्यातला उजेड

उजेड मोजायचा कशाने? गॅसच्या दिव्यांसाठी १८६० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, त्यात उत्तर होतं: मेणबत्तीने. पण कुठल्याही मेणबत्तीने नाही. वजन पौंडाचा सहावा हिस्सा, तासाला १२० ग्रेन जळणारी, आणि मेण स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातलं. शाळेत आपण पाठ केलेला कॅन्डेला साधारण या मेणबत्तीच्या उजेडाएवढाच.

स्पर्म व्हेलचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यात हजार-दीड हजार लिटर, मोठ्या नरात त्याहूनही जास्त, मेणचट द्रव असतो. अंगाच्या उबेत पातळ, बाहेर काढून गार झाला की पांढराशुभ्र आणि थिजलेला. खोल समुद्रात, जिथे मिट्ट काळोख असतो, तिथे हा प्राणी याच डोक्यातून टकटक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून माकूळ हुडकतो. अंधारात आवाजावर जगणाऱ्याच्या डोक्यातून माणसाने उजेड काढला, याचं मला फार नवल वाटतं.

रसायनशास्त्राच्या हिशेबात हे खोबरेलासारखं तेल नव्हेच. पातळ मेण आहे. म्हणून ते स्वच्छ जळायचं. इतर देवमाशांच्या चरबीचे दिवे मात्र धूर आणि घाण वास सोडत. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यावरच फिरते.

अमेरिकेतल्या नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड बंदरांतून जहाजं निघत ती तीन-तीन, चार-चार वर्षांनी परतत. एवढा काळ चरबी टिकणार कशी? म्हणून लाकडी जहाजाच्या डेकवरच विटांची भट्टी बांधलेली असे आणि तिच्यावर लोखंडी कढया. डेक पेटू नये म्हणून भट्टीखाली पाणी भरून ठेवत. पहिला जाळ लाकडांचा. मग तूप कढवल्यावर उरते तशी चरबीची बेरी उरायची, तीच भट्टीत टाकायची. देवमासा स्वतःच्याच सरपणावर कढत असे.

किनाऱ्यावर डोक्यातला माल थंडीत गोठू देत आणि पिशव्यांत भरून दाबत. पहिल्या दाबाला निथळे ते कडाक्याच्या थंडीतही न थिजणारं तेल. त्याला दीपगृहांत मान. राहिलेला गोळा पुन्हा दाबून शेवटी मेणबत्तीचं मेण हाती येई. दुसऱ्या जातीच्या देवमाशांच्या तोंडातल्या चिवट, लवचीक पट्ट्या बायकांच्या कॉर्सेटमध्ये, छत्र्यांच्या काड्यांत आणि घोड्यांच्या चाबकांत जात. आपल्या नखांचं जे द्रव्य, तेच त्यांचं: केराटिन.

१८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, स्वस्त रॉकेल आलं आणि देवमासे वाचले, असं हमखास सांगितलं जातं. दिव्यापुरतं ते खरंही आहे. पण देवमाशांची सर्वात मोठी कत्तल त्यानंतरची.

नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइनने १८७० च्या सुमारास तोफेतून सुटणारा, अंगात घुसून फुटणारा भाला सिद्ध केला. वाफेच्या बोटींमुळे निळ्या देवमाशाचा पाठलाग जमू लागला. मेल्यावर तो बुडू नये म्हणून त्याच्यात हवा भरत. पण त्याच्या चरबीच्या दुर्गंधी तेलाचं करायचं काय? उत्तर रसायनशास्त्राने दिलं. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मानने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. आपला डालडा पुढे याच क्रियेने बनला. स्पर्म व्हेलचं मेण खाण्यात चालेना, ही चरबी चालली. वास गेला, आणि युरोपात ती मार्गारीन बनून पावावर आली. साबण करताना सुटणारं ग्लिसरीन पहिल्या महायुद्धात स्फोटकांत गेलं. १९२५ पासून अख्खा देवमासा मागच्या उतारावरून ओढून घेणारी कारखाना-जहाजं अंटार्क्टिकाकडे निघाली. १९३०-३१ च्या एका हंगामात तिथे २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकाचा एकूण आकडा २९ लाखांच्या घरात जातो. व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली ती १९८६ पासून.

स्पर्म व्हेलच्या पातळ मेणाची गरज मात्र यंत्रांना उरलीच होती. प्रचंड दाबाखालीही ते टिके, म्हणून अमेरिकेत मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात ते मिसळत. १९७० साली तिथे हा प्राणी संकटग्रस्त यादीत गेल्यावर पर्याय शोधताना वाळवंटातल्या एका झुडपाकडे लक्ष गेलं. अ‍ॅरिझोना-मेक्सिकोकडच्या या जोजोबाच्या बियांतलं तेलही खरं तर पातळ मेणच. आज ते शाम्पू-क्रीमच्या बाटल्यांवर मिरवतं, आणि त्याची लागवड राजस्थानातही होते.