एक उच्चार, अनेक अर्थ : ‘जिन’

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट परिसर हा जुना कापूसपट्टा. तेथील अल्लीपूरच्या शेतकऱ्याने ‘कापूस जिनात नेला’ म्हटले, की सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना डोळ्यांसमोर येतो. हा ‘जिन’ म्हणजे ‘एंजिन’ या इंग्रजी शब्दाचे जुने संक्षिप्त रूप. त्याचे लॅटिन मूळ बुद्धिवाचक आहे. एली व्हिटनी याला अमेरिकेत कापसाच्या जिनाचे पेटंट १७९४ मध्ये मिळाले.

त्याच मुळातून आलेला ‘जिन’ शब्द इंग्लंडमध्ये प्राणी पकडण्याच्या सापळ्यालाही लावला जाई. क्रूर ठरलेल्या या सापळ्यावर तेथे १९५८ पासून बंदी आहे. वस्त्राला साहाय्य करणारे यंत्र आणि हिंसेचे साधन, दोहोंना एकच नाव!

मद्याचे ‘जिन’ हे नाव मात्र निराळ्या कुळातले. ज्युनिपर फळांवरून पडलेल्या ‘जेनेव्हर’ या डच नावाचा तो संक्षेप होय.

आपला ‘जिन’ या सर्वांहून भिन्न. ‘जि’ म्हणजे जिंकणे, या संस्कृत धातूपासून तो आला. रागद्वेष जिंकणारा तो जिन. ‘जैन’ हा शब्द त्यावरूनच सिद्ध होतो.

शब्दाचा कोणता अर्थ प्रस्तुत आहे, हे ठरविण्यासाठी तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य व भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाने ‘जिन’विषयी गोंधळून विचारले, तर त्याला गप्प न करता हा भेद उलगडून सांगावा. बोलणाऱ्याचा अभिप्राय जाणून मगच मत बनविणे, ही श्रोत्याची अहिंसा होय.