विश्लेषण : छोट्या वाफेच्या इंजिनाला ब्रेक लावला, तर गाडी किती अंतरावर थांबते?

कोळशाची भट्टी, बॉयलर, सिलिंडर सगळे खरे. फक्त आकार लहान. ब्रिटनमध्ये हौशी मंडळी घरच्या वर्कशॉपमध्ये अशी इंजिने बनवतात आणि क्लबच्या रुळांवर प्रवाशांना फिरवतात. मात्र ही गाडी ओढण्यापेक्षा वेळेवर थांबवणे अधिक जोखमीचे. त्यासाठीचा ‘स्टीम ब्रेक’ चालतो कसा आणि कुठे कमी पडतो, याविषयी...

हा छंद किती जुना?

‘मॉडेल इंजिनीअर’ हे मासिक १८९८ मध्ये सुरू झाले. १९२०च्या दशकात त्यात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने कोळशावरचे छोटे इंजिन माणसांना ओढू शकते, हे दाखवून दिले. आज साडेतीन, ५ आणि सव्वासात इंच गेज तिथे प्रचलित आहेत. चालक इंजिनामागच्या ट्रॉलीवर बसतो.

स्टीम ब्रेक चालतो कसा?

चालकाने व्हॉल्व्ह उघडला की बॉयलरमधली वाफ छोट्या सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टन सरकतो, तरफा ओढल्या जातात आणि ब्रेकशू चाकांवर दाबले जातात. व्हॉल्व्ह उलट फिरवला की वाफ बाहेर पडते आणि स्प्रिंग शूंना मागे खेचते. ५ इंच गेजच्या इंजिनात २५ मिमी व्यासाचा सिलिंडर आणि ८० पीएसआय दाब धरला, तर पिस्टनवर सुमारे २७ किलोचा जोर येतो. तरफेने तो दुप्पट करता येतो.

पहिला ब्रेक कमजोर का लागतो?

सिलिंडर थंड असतो. आत शिरलेल्या वाफेचे पाणी होते आणि दाब उशिरा वाढतो. साचलेले पाणी बाहेर न काढल्यास ब्रेक सोडतानाही रेंगाळतो. यावर दोन उपाय आहेत :

- सिलिंडरच्या तळाशी गोळीचा ड्रेन व्हॉल्व्ह बसवणे. दाब आला की गोळी भोक बंद करते. दाब गेला की पाणी वाहून जाते.
- निघण्यापूर्वी तीन-चार वेळा ब्रेक लावून सिलिंडर गरम करणे.

पाण्यामुळे गंज चढू नये म्हणून सिलिंडर गनमेटलचा आणि पिस्टनला उष्णता सोसणारी ओ-रिंग, अशी रचना सोयीची ठरते.

मोठा सिलिंडर बसवला तर?

उपयोग नाही. ब्रेकचा जोर चाक आणि रुळाच्या पकडीपेक्षा वाढला की चाके जाम होऊन घसरतात आणि एका जागी झिजून चपटी होतात. म्हणजे खरी मर्यादा इंजिनाच्या वजनाची आहे.

एक हिशेब पाहू. इंजिन ६० किलो. चालक, ट्रॉल्या आणि पाच प्रवासी धरून एकूण गाडी ५०० किलो. वेग ताशी १० किमी. शंभरात एकचा उतार. ब्रेक फक्त इंजिनाला आहे. चाकांचा किरकोळ अवरोध सोडून दिला तर :

- कोरडे रूळ (घर्षणांक ०.२५) : सुमारे २० मीटर
- ओले, तेलकट रूळ (घर्षणांक ०.१) : जवळपास २०० मीटर

मग उपाय काय?

प्रवाशांचे वजन ट्रॉलीच्या चाकांवर असते, म्हणून ब्रेकही तिथे हवा. वरच्याच ओल्या उतारावर सर्व चाकांना पुरेपूर ब्रेक लागला, तर गाडी साधारण साडेचार मीटरमध्ये थांबते. ट्रॉल्यांना व्हॅक्यूम ब्रेक असेल तर आणखी एक फायदा होतो : जोडणी तुटून पाइप निसटला की व्हॅक्यूम जातो आणि ब्रेक आपोआप लागतो.

स्टीम ब्रेक मात्र वाफ असेपर्यंतच चालतो. बॉयलर थंड झाला की त्याचा जोर संपतो. त्यामुळे उभ्या इंजिनाला हँडब्रेक किंवा चाकाखाली ठोकळा लागतोच.