कर्करोग बरा झाला, फाईल मात्र जपायची

नांदेड/लातूर : लहानपणी कर्करोग झाला, उपचार झाले, मूल बरे झाले. बहुतेक घरांत गोष्ट येथे संपते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या फेऱ्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील मुक्काम, केस गळालेल्या मुलाचे ते एक छायाचित्र हे सारे मागे टाकण्याकडे कुटुंबाचा कल असतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या औषधांनी आणि किरणांनी आजार हटविला, त्यांचे काही परिणाम दहा, वीस, कधी तीस वर्षांनी डोके वर काढतात. तोवर मूल मोठे झालेले असते, बालरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे वय सरलेले असते आणि आपल्याला नेमके कोणते औषध किती दिले गेले होते, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

हा प्रश्न तुलनेने नवा आहे, कारण तो यशातून जन्मलेला आहे. भारतात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे ल्युकेमियावर, 1980 च्या दशकाच्या मध्यापासून ‘एमसीपी-841’ नावाची ठरीव उपचारपद्धती मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांत वापरली जाऊ लागली आणि बरे होणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली. त्या काळात बरी झालेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांचे पुढे काय झाले, याचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. 1970 ते 1986 या काळात कर्करोगाचे निदान झालेल्या आणि पाच वर्षांहून अधिक जगलेल्या 10 हजार 397 जणांची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 62 टक्क्यांहून अधिक लोकांना कोणता तरी दीर्घकालीन विकार होता आणि 27 टक्क्यांहून अधिक लोकांचा विकार गंभीर स्वरूपाचा होता. हे आकडे जुन्या, अधिक तीव्र उपचारांचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आज किरणोपचार बऱ्याच मुलांना टाळता येतात. मात्र नांदेड-लातूरच्या भागातील जी पिढी आज नोकरी-संसारात आहे, तिचे उपचार त्या जुन्या काळातीलच आहेत.

लाल औषध आणि हृदय

ज्या आईबापांनी मुलाच्या उशाशी रात्री काढल्या, त्यांना औषधाचे नाव आठवत नसले तरी रंग आठवतो. सलाईनमधून जाणारे ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचे भावंड डॉनोरुबिसिन. ल्युकेमिया, लिम्फोमा, हाडांचा कर्करोग अशा अनेक आजारांत या औषधांनी मुले वाचविली. त्यांचा दोष एकच, हृदयाच्या स्नायूला ती इजा करतात. या स्नायूच्या पेशी एकदा गेल्या की जवळपास पुन्हा तयार होत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाच्या हृदयातील काही पेशी नष्ट झाल्या तरी त्या वेळी काही जाणवत नाही. पुढे शरीर वाढते, उंची वाढते. त्या वाढीला पुरेल एवढा स्नायू हृदयाकडे नसतो. भिंत पातळ राहते, आणि एखाद्या मोठ्या ताणाच्या प्रसंगी हृदय थकते.

असा प्रसंग मराठवाड्यातील तरुणांच्या आयुष्यात हमखास येतो. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावे लागते. पहाटे मैदानावर सरावाला उतरणाऱ्यांत लहानपणी केमोथेरपी घेतलेला कोणी असेल, तर त्याने आधी इकोकार्डिओग्राम करून घ्यायला हवा. जड वजने उचलण्याच्या व्यायामापूर्वीही तेच. मुलींच्या बाबतीत हा प्रसंग बाळंतपणाचा. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि तो सगळा भार हृदयावर पडतो. प्रसूतितज्ज्ञाला पूर्वेतिहास माहीत असेल तर तपासणी वेळेत होते आणि अशा बहुसंख्य स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप पार पडते. इतिहास लपविला गेला असेल तर दम लागण्याचे कारण अशक्तपणा समजले जाऊ शकते.

धोका सर्वांना सारखा नसतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे या औषधाची एकूण मात्रा 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली असेल, तर दर दोन वर्षांनी इको करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 100 ते 250 मिलिग्रॅम असेल तर दर पाच वर्षांनी. छातीवर किरणोपचार झाले असतील तर जोखीम वाढते. म्हणजे सारा हिशेब त्या एका आकड्यावर अवलंबून आहे आणि नेमका तो आकडा रुग्णाजवळ नसतो.

‘लातूर पॅटर्न’च्या गावात

दुसरा परिणाम दिसत नाही म्हणून अधिक जाचतो. मेंदूत कर्करोगाच्या पेशी दडून राहू नयेत यासाठी ‘एमसीपी-841’मध्ये डोक्यालाही किरण दिले जात. मेंदूच्या गाठींवरील उपचारांत तर ते आजही अनेकदा अटळ असतात. असे उपचार झालेली काही मुले हुशार असूनही संथ होतात. लक्ष टिकत नाही, गणित अडते, उत्तर येत असते पण वेळेत लिहून होत नाही. हा फरक उपचारानंतर लगेच नव्हे, तर काही वर्षांनी, अभ्यास वाढला की जाणवतो. उपचाराच्या वेळी मूल जितके लहान, तितका धोका अधिक.

गुणवत्ता यादी आणि शिकवणी वर्ग यांसाठी ज्या लातूरची आणि आता नांदेडचीही ख्याती आहे, तेथे अशा मुलाच्या वाट्याला ‘आळशी’ हे विशेषण येणे सोपे आहे. वस्तुतः त्याला मानसशास्त्रीय चाचणीची गरज असते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळू शकते. नांदेड जिल्हाही ज्याच्या कक्षेत येतो त्या लातूर विभागीय मंडळाच्या परीक्षांनाही ती लागू आहे. मात्र त्यासाठी दहावीच्या वर्षी नव्हे, बरेच आधी धावपळ करावी लागते. डोक्याला किरण दिलेल्या मुलांची उंची खुंटणे, वयात येणे लवकर वा उशिरा होणे, हेही याच उपचारांचे परिणाम. उंची व वजन दर सहा महिन्यांनी नोंदविले तर ते लवकर ध्यानात येते.

लग्नाच्या बाजारात

कर्करोगावर मात केलेल्या मुलीचे स्थळ पाहताना घरचे लोक आजाराचा उल्लेख टाळतात. कारण समजण्यासारखे आहे, पण त्यामागील दोन समजुती चुकीच्या आहेत. मुलांमधील बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमाचा एक प्रकार यांसारखे अपवाद सोडले तर पुढच्या पिढीत हा आजार उतरत नाही. आणि केमोथेरपी घेतलेल्यांच्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. सायक्लोफॉस्फामाइड, इफॉस्फामाइड यांसारखी औषधे मोठ्या मात्रेत दिली गेल्यास मुलांमध्ये शुक्राणूंची संख्या घटू शकते आणि मुलींची पाळी अकाली थांबू शकते. पाळी आज नियमित असली तरी मूल होऊ देण्याचा काळ आखूड असू शकतो. हे लग्नाआधी डॉक्टरांकडून समजून घेतले तर नवरा-बायकोला निर्णय घेता येतो. लग्नानंतर कळले तर दोष बहुधा सुनेवर जातो.

अन्य परिणामांची यादी मोठी आहे, पण प्रत्येकाला सारे होत नाही. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येते, स्टेरॉइडमुळे खुब्याचे हाड झिजू शकते, मानेवरील किरणांमुळे थायरॉइड बिघडतो. छातीवर किरण घेतलेल्या मुलींनी स्तनांची तपासणी वयाच्या पंचविशीपासून किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस ‘सी’ची चाचणी 2001 मध्ये सक्तीची झाली, त्यापूर्वी रक्त चढविलेल्यांनी ती एकदा करून घ्यावी, हा आजार आता गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. तंबाखू आणि गुटखा यांबाबत तर बोलायलाच नको. एकदा कर्करोग झालेल्या शरीराला त्याची मुभा नाही.

मुंबई दूर, इको जवळ

या साऱ्याचा विचार भारतात फार आधी झाला होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र ‘ॲक्ट क्लिनिक’ सुरू झाले. उपचारानंतर दोन वर्षे आजार परतला नाही की मुलाचे नाव तेथे नोंदविले जाते. पुढे 2009 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट उभा राहिला.

अडचण अंतराची आहे. नांदेडहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली तरी मुंबई गाठेपर्यंत रात्र होते. शेतमजूर बापाला प्रकृती उत्तम असलेल्या मुलासाठी तीन दिवसांची मजुरी बुडविणे परवडत नाही. त्यात सगळ्यांचे उपचार मुंबईतच झालेले नसतात. कोणी हैदराबादला गेलेले, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात, कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. राज्याची आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते, लातूरची पाळी 2013 मध्ये आली. महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेने असंख्य मुलांच्या केमोथेरपीचा खर्च उचलला. तिची रचना मात्र ठरावीक उपचारांच्या पॅकेजभोवती आहे. आजार नसलेल्या माणसाची आयुष्यभराची तपासणी त्या चौकटीत सहज बसत नाही, ही तिची मोठी उणीव म्हणावी लागेल.

असे असले तरी इको, थायरॉइडची चाचणी किंवा श्रवण तपासणी यांसाठी मुंबईला जाण्याचे कारण नाही. दोन्ही शहरांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हृदयरोगतज्ज्ञ आहेत. कोणाची कोणती तपासणी करायची, हे सांगणारा कागद तेवढा हवा. निदान व त्याची तारीख, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरण कोठे व किती दिले, शस्त्रक्रिया, रक्त चढविल्याची नोंद असा एक-दोन पानांचा उपचार-सारांश ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथून मागून घेता येतो. उपचार होऊन बरीच वर्षे झाली असली तरी केस क्रमांक असल्यास जुनी नोंद शोधणे सोपे जाते. सारांश मिळाला की त्याची एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे आणि एक छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे.

एकदा मुंबईला जाणे भागच पडले, तर रेल्वेची सवलत केवळ उपचारांसाठी नसून नियतकालिक तपासणीसाठीही आहे. शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाला पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आरक्षणाच्या वेळी दाखवावे लागते.