हृदयाच्या नावाने येणारा शेअर

दौलताबादच्या फळांची कीर्ती आजची नाही. चौदाव्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आज किल्ल्याच्या वाटेवर सीताफळ आणि पेरू जास्त दिसतात. पण द्राक्ष, डाळिंब, जवस, टोमॅटो, लसूण यांच्यातून 'हृदयासाठी चांगला' असा एखादा घटक वेगळा काढायचा, त्याची पावडर किंवा तेल अन्न कंपन्यांना विकायचे आणि त्यासाठी भांडवल उभारायचे, हा गेल्या तीस वर्षांत जगभर वाढलेला उद्योग आहे. आपल्याकडेही नवउद्योजकांना हात देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने उभे केलेले 'मॅजिक' हे त्यातलेच एक केंद्र. शिवाय शेअर बाजारांचे लहान कंपन्यांसाठीचे एसएमई मंच आहेतच. गरजही खरी आहे. १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होत होते, २०१६ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. अशा वेळी एखादी छोटी कंपनी प्रयोगशाळेतले आलेख घेऊन समोर आली की गुंतवणूकदार विचारतो, हा घटक खरेच गुणकारी आहे का? प्रश्न योग्य आहे, पण पैसे गुंतवणाऱ्यासाठी तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे, असे माझे मत आहे. पहिला प्रश्न असा : हा घटक काढून उद्या दुसरा घातला, तर विकत घेणाऱ्याला काही फरक पडेल का?

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठवाड्याच्याच काळ्या मातीत आहे. करडई हे इथले रब्बीचे पीक. ते ज्वारीसोबत पाटे टाकून घेतले जाई आणि खोलवर जाणाऱ्या मुळांमुळे कमी पावसातही तग धरी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'शारदा', 'परभणी कुसुम' यांसारखे वाण दिले. या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते आणि त्याने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होते. त्याच बळावर 'सफोला' हे नाव शहरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात हृदयाची काळजी घेणारे तेल म्हणून रुजले. पुढे हा ब्रँड मॅरिको कंपनीकडे आला, कंपनी १९९६ साली बाजारात नोंदली गेली आणि तिच्या भागधारकांचे भले झाले. मात्र दरम्यान बाटलीतले तेल बदलले. राइस ब्रॅन आणि सूर्यफुलाची मिश्रणे आली, करडईचा वाटा घटत गेला. गिऱ्हाईक कुठे गेले नाही, कारण त्याने विश्वास नावावर ठेवला होता. इकडे शेतात काटेरी पिकाची कापणी करायला मजूर मिळेना, आयात पामतेल आणि सूर्यफूल तेल स्वस्त पडू लागले, हरभऱ्याने आणि सोयाबीनने जागा घेतली आणि करडईचे क्षेत्र आकसले. कंपनीने यात काही वावगे केले असे मुळीच नाही. मिळणाऱ्या मालाप्रमाणे मिश्रण बदलणे हा तेलाच्या व्यापाराचा रीतसर भाग आहे. पण 'हृदय' या शब्दातून आलेली कमाई ब्रँडकडे राहिली आणि ज्या घटकामुळे तो शब्द मिळाला तो वाटेत गळून पडला, ही वस्तुस्थिती छोट्या कंपनीच्या गुंतवणूकदाराने डोळ्यांसमोर ठेवावी.

घटकाचे विज्ञानही जागच्या जागी राहत नाही. ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका किंवा तसाच त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या स्निग्ध पदार्थांऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून बनवलेले मार्गारीन देण्यात आले. जुनी आकडेवारी पुन्हा तपासून २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले गेले, ते धक्कादायक होते. कोलेस्टेरॉल उतरले होते, पण करडईच्या गटातले मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के होते आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के. या एका प्रयोगावरून करडईला दोषी ठरवणे चूक होईल. त्या मार्गारीनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता तज्ज्ञांनी दाखवली आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन आजही संपृक्त मेदाऐवजी असंपृक्त तेले वापरा, असेच सांगते. प्रश्न एवढाच की, ज्या कंपनीचा सगळा संसार एकाच घटकावर उभा आहे, ती अशा एका शोधनिबंधाचा तडाखा कसा सोसेल? मोठा ब्रँड मिश्रण बदलून पुढे जातो. छोट्या घटक-कंपनीकडे बदलायला दुसरे काही नसते.

यावर कुणी म्हणेल की, पुरावा भक्कम असेल आणि सरकारी मान्यताही असेल तर गोष्ट वेगळी. ब्रिटनमधल्या प्रोवेक्सिस कंपनीकडे दोन्ही होते. टोमॅटोच्या बियांभोवतीच्या गरात रक्तातल्या चकत्यांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू न देणारी द्रव्ये आहेत, हे प्रा. असीम दत्तरॉय यांनी ॲबर्डीनच्या रॉवेट संस्थेत शोधले. त्यातून 'फ्रूटफ्लो' हा अर्क तयार झाला. कंपनी २००५ साली लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या बाजारात, म्हणजे एआयएममध्ये आली. २००९ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तिचा आरोग्यदावा मान्य केला. ही संस्था बहुतेक अर्ज फेटाळते, म्हणून त्या मान्यतेचे मोल मोठे होते. पुढच्याच वर्षी डीएसएम या बलाढ्य कंपनीशी करार झाला. एवढे होऊनही कंपनी बहुतेक वर्षे तोट्यातच राहिली आणि शेअर बहुतांश काळ काही पेन्सच्या आत अडकून पडला. कारण उघड आहे. रक्त सुरळीत वाहते आहे हे माणसाला जाणवत नाही. जे जाणवत नाही त्यासाठी रोज, वर्षानुवर्षे जादा पैसे मोजायला फार थोडे लोक तयार होतात.

फिनलंडच्या रायसिओची कथा याहून नाट्यमय आहे. लाकडापासून काढलेला स्टॅनॉल एस्टर घातलेले बेनेकॉल मार्गारीन तिने १९९५ साली बाजारात आणले. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १५३ लोकांवरचा वर्षभराचा अभ्यास छापून आला. घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्के उतरले होते. शेअर अनेक पटींनी वधारला. मग युनिलिव्हरने सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या स्टेरॉलवर तसाच पदार्थ काढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली दावा करण्याची मुभा दिली, ती स्टॅनॉल आणि स्टेरॉल दोन्हींना. अमेरिकेतली विक्री अपेक्षेच्या जवळपासही पोहोचली नाही आणि शेअर खाली आला. शिवाय कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या जीव वाचवतात हे नव्वदच्या दशकातच सिद्ध झाले होते. पुढे त्यांची पेटंट संपून त्या स्वस्त झाल्या. हृदयासाठीच्या प्रत्येक अन्नघटकाचा खरा स्पर्धक औषधाच्या दुकानातली ही स्वस्त गोळी आहे. प्रवर्तकांच्या सादरीकरणात तिचे नाव क्वचितच सापडेल.

आणखी एक आक्षेप जास्त वजनाचा आहे. छोट्या कंपनीने नफा कमवायलाच हवा असे नाही, मोठ्या कंपनीने तिला विकत घेतले तरी भागधारकांचे काम झाले. हे घडतेही. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्वेराट्रॉलवर उभ्या राहिलेल्या अमेरिकेच्या सर्ट्रिस कंपनीला ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ साली ७२ कोटी डॉलर दिले. २०१३ साली तिचे कार्यालयच बंद केले. सर्ट्रिस औषध कंपनी होती आणि तिच्या भागधारकांना पैसे मिळाले हे खरे, पण ते घटक सिद्ध होण्याआधी मिळाले. त्याच रेस्वेराट्रॉलचा हृदयाशी संबंध सांगणारे कनेक्टिकट विद्यापीठाचे संशोधक दीपक दास यांनी आकडेवारीत १४५ ठिकाणी फेरफार केल्याचा निष्कर्ष विद्यापीठाच्या चौकशीने २०१२ साली काढला. दुसरे उदाहरण शैवालापासून डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल बनवणाऱ्या मार्टेकचे. डीएसएमने ती सुमारे १०९ कोटी डॉलरना घेतली. पण मार्टेकचा मुख्य धंदा प्रौढांच्या हृदयाचा नव्हता, तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीचा होता. पावडर बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांना तो घटक सतत लागत होता आणि पर्याय थोडे होते. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते.

भारतात अडचण आणखी एका बाजूने येते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचे अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने दिलेल्या लढ्यामुळे. आपले पेटंट कायदेही पारंपरिक ज्ञानावर खासगी मक्तेदारी देत नाहीत. समाजासाठी हे योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याचा अर्थ असा की, जवस किंवा लसणाचा साधा अर्क काढणाऱ्या कंपनीला कुंपण घालता येत नाही. तिच्याकडे स्वतःची निराळी प्रक्रिया तरी हवी, नाहीतर गिऱ्हाईक तरी.

मग मराठवाड्यातल्या अशा उद्योगांत कुणी पैसेच घालू नयेत का? शेतमालावर इथेच प्रक्रिया व्हावी असे मनापासून वाटणाऱ्याला हा प्रश्न टोचतो. घालावेत, पण काय विकत घेतो आहोत हे ओळखून. माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च विद्यापीठे आणि सरकारी अनुदान यांतून निघावा, कारण त्या ज्ञानाचा लाभ सगळ्यांनाच होतो. खासगी पैसा प्रक्रिया, गुणवत्ता तपासणी आणि विक्री यांत जावा. एसएमई मंचावर एका अर्जातच दोन लाखांच्या वर रक्कम अडकते आणि निकाल सहा महिन्यांतून एकदा येतात. तिथे पैसे घालण्याआधी कंपनीची चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आधीपासून नोंदलेली होती का, हे कुणालाही फुकट पाहता येते. अमेरिकेत डाळिंबाच्या रसाच्या जाहिरातींवरून पॉम वंडरफुलवर खटला झाला तेव्हा, आजारावर गुण येतो असे सांगायचे तर निदान एक चांगली मानवी चाचणी हवीच, असा निकष न्यायालयाने २०१५ साली कायम ठेवला. तेवढा तरी निकष आपणही लावावा. अभ्यासात जेवढी मात्रा दिली तेवढी एका पुडीत आहे का आणि तिचा महिन्याचा खर्च स्टॅटिनच्या तुलनेत किती, हे विचारावे. आणि सर्वांत आधी माल घेणाऱ्या कंपन्यांशी झालेले करार मागावेत : किती वर्षांचे आहेत, किमान किती टन माल उचलण्याचे बंधन आहे, आणि खरेदीदाराला त्याऐवजी दुसरा घटक वापरण्याची मोकळीक आहे का.