चाकांचा हिशेब आणि घरच्या लेकी

ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पुण्याच्या डायना पंडोले यांनी एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पुरुष स्पर्धकांबरोबर एकाच ट्रॅकवर उतरून मोटार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या दोन मुलांच्या आई आहेत आणि पूर्वी शिक्षिका होत्या. वडिलांना शर्यतींची आवड होती, ती त्यांच्यात आली. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड कार्यक्रमातून त्यांनी प्रत्यक्ष सुरुवात केली.

ही बातमी आमच्या घरी वाचली गेली तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “बाईमाणसाला हे वेड लागते तरी कोठून?” प्रश्न टीकेचा नव्हता, कुतूहलाचा होता. मोटार शर्यती मी गेली पंचवीस-तीस वर्षे आवडीने पाहत आले आहे. म्हणून त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

माझ्यापुरते सांगायचे तर हे वेड घरच्या वहीतून लागले. इंदापुरात आमचे आडतीचे दुकान होते आणि घरची एक मालमोटार होती. शाळेत असताना माझे अक्षर बरे, म्हणून ‘मोटारीची वही’ माझ्याकडे आली. किती किलोमीटर धाव झाली, डिझेल किती लागले, टायर केव्हा बदलले, हे मी रोज लिहीत असे. गाडीवर आलटून पालटून दोन चालक असत. गाडी तीच, पुण्याचा रस्ता तोच, माल जवळपास तेवढाच. तरीही एकाच्या फेरीला डिझेल कमी लागे आणि टायर अधिक टिकत. विशेष म्हणजे तो उशिराही पोहोचत नसे. असे का, हे वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तो ब्रेक कमी दाबतो, कारण त्याला पुढचे आधी दिसते.” शर्यतीचे मर्म मला त्या एका वाक्यात कळले होते, एवढेच की तेव्हा शर्यत पाहिलेली नव्हती.

पुढे बँकेत नोकरी लागली. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो यांची कर्जप्रकरणे हाताळताना वाहन तपासणीसाठी जावे लागे. गिअरबॉक्स, एक्सल, हॉर्सपॉवर हे शब्द कागदावरून जिभेवर आले. त्याच सुमारास केबल आली आणि रविवारी फॉर्म्युला वनच्या शर्यती घरात दिसू लागल्या. २७ ऑगस्ट २००० रोजी बेल्जियममधील स्पा येथे झालेली शर्यत मी कधीही विसरणार नाही. शुमाकर पुढे आणि हक्किनेन त्याच्या मागे होता. एका फेरीत हक्किनेनने पुढे जाण्याचा प्रयत्न केला, शुमाकरने वाट अडवली, आणि त्याने माघार घेतली. पुढच्याच फेरीत समोर एक संथ गाडी आली. शुमाकर तिच्या एका बाजूने गेला, हक्किनेन दुसऱ्या बाजूने, आणि वळण येण्यापूर्वी हक्किनेन पुढे होता. संधी गेली म्हणून तो चिडला नाही. पुढच्या संधीची वाट पाहिली. व्यापारात मुरलेल्या माणसाला याहून वेगळे काय सांगायचे!

बाहेरून पाहणाऱ्याला शर्यत म्हणजे केवळ वेग वाटतो. वस्तुतः ती हिशेबाची परीक्षा आहे. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. कोरड्या ट्रॅकवर किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे निदान एकदा तरी थांबणे आले. चारही टायर दोन-अडीच सेकंदांत बदलले जातात. परंतु आत येण्या-जाण्यात बहुधा वीस सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ खर्ची पडतो. आज थांबून झिजलेले टायर बदलावेत की आणखी पाच फेऱ्या रेटावे, हा प्रश्न आपल्या आडतीवरील ‘माल आज विकावा की थांबावे’ या प्रश्नाचाच भाऊ आहे. रेड बुल संघात हा हिशेब मांडणाऱ्यांत हॅना श्मिट्झ ही महिला अग्रभागी आहे. २०२५ पासून हास संघात लॉरा म्युलर ही फॉर्म्युला वनमधील पहिली महिला रेस इंजिनिअर झाली.

स्त्रियांचा या क्षेत्रातील वावर नवाही नाही. इटलीची मारिया तेरेसा दे फिलिपिस १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९७५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत लेला लोम्बार्डी सहावी आली. शर्यत मध्येच थांबविल्याने तिला अर्धा गुण मिळाला. त्या स्पर्धेत गुण मिळविणारी आजवरची ती एकमेव महिला. फ्रान्सच्या मिशेल मूतोंने १९८१ मध्ये सानरेमोची जागतिक रॅली जिंकली. आपल्याकडे बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये मोटरसायकलच्या बाहा विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळविले.

आपल्या घरांत या आवडीवर दोन आक्षेप येतात. पहिला, शर्यत म्हणजे क्रौर्य. आमच्या आजोबांनी बैलगाड्यांच्या शर्यतीला कधी वर्गणी दिली नाही. मुक्या जनावराच्या पाठीवर चाबूक ओढून मिळणारी करमणूक त्यांना मान्य नव्हती. ते योग्यच होते. यंत्राच्या शर्यतीत तो दोष नाही. जोखीम असते ती स्वतः होऊन उतरणाऱ्याची. दुसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा, आणि तो खरा आहे. १९९४ मध्ये आयर्टन सेना शर्यतीतच गेला. त्यानंतर सुरक्षेचे नियम सतत कडक होत गेले. चालकाच्या डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे कडे २०१८ मध्ये सक्तीचे झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये बहरीन येथे पेटलेल्या गाडीतून रोमां ग्रोजाँ बाहेर पडू शकला, त्यात या कड्याचा वाटा मोठा होता. याउलट बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमधून हेल्मेटशिवाय मोटरसायकल पिटाळणारी आपली मुले कोणत्या नियमाने चालतात? त्यांना आपण ‘वयाचा भर’ म्हणून सोडून देतो. शर्यतीची खरी आवड असलेला माणूस रस्त्यावर शर्यत लावत नाही.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येते. इंदापूरच्या आमच्या नात्यातील एक मुलगी यंदा बारावीला आहे. घरी वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. कोणता बेअरिंग कोणत्या गाडीला, हे तिला पाठ आहे. शर्यतींच्या फेऱ्यांच्या वेळा ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगते. तिला यंत्र अभियांत्रिकीला जायचे आहे. धाकट्या भावाला या विषयात रस नाही, तरी दुकान आणि अभियांत्रिकी दोन्ही त्याच्यासाठी राखून ठेवले आहे. हिने मात्र बीकॉम करावे असे ठरत आले आहे. मी स्वतः एमकॉम. वाणिज्य शाखेला मी कमी लेखणार नाही. पण ज्याला जे येते ते त्याने करावे, हा तर आपला जुना व्यवहार आहे.

अभियांत्रिकीचे शिक्षण बारामतीतच मिळते. वाहनांचे संशोधन करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात तीनचाकी आपेबरोबरच एप्रिलियाची आरएस ४५७ ही मोटरसायकल तयार होते. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा ती लोकांसमोर आली. म्हणजे जगाच्या शर्यतीशी नाते सांगणारी चाके आपल्या दारातूनच बाहेर पडतात.

त्या मुलीच्या आई-वडिलांना मी एवढेच सुचविले आहे, आणि वाचकांनाही तेच सुचविते. मुलाने असा हट्ट धरला असता तर आपण तीन गोष्टी पाहिल्या असत्या: त्याला यात गती किती, खर्च किती आणि कोठून, आणि पुढे पोटापाण्याची सोय काय. लेकीलाही हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे समाधानकारक असतील तर चौथा प्रश्न काढू नये. घरात चर्चा सुरू आहे. जूनपूर्वी निर्णय घ्यावा लागेल. तोवर दुकानाच्या साठ्याची वही तिच्याकडे सोपविण्यास तिचे वडील राजी झाले आहेत.